ऋतूला विचारलंत का?

परवा संध्याकाळी धाकटी नात मोबाईल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "आजी, बघ ना, यातलं कुठलं छान दिसेल?" लग्न वैशाखात, त्याआधीचे ते प्री-वेडिंगचे फोटो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. फोटोग्राफरने कपड्यांची यादीच पाठवली होती. जमिनीवर दोन हात लोळणारा जाळीचा गाऊन, मखमली लेहंगा, नवऱ्या मुलाला कोट-जाकीट-टाय आणि शेवटी दोघांना डेनिमची जॅकेटं. जागा गंगापूर धरणाचा काठ, वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ३२ वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला, सवय जात नाही. म्हटलं, "अगं, एप्रिलात आपल्याकडे पारा ४० ला टेकतो. या यादीत ऋतू कुठे आहे?"

ती शांतपणे म्हणाली, "आजी, फोटोत ऊन लागत नाही."

या एका वाक्याने मला रात्रभर झोप आली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधीच सांगून टाकते, मी या फोटोंच्या विरोधात नाही. काही समाजांच्या मंडळींनी बंदीचे ठराव केलेत, ते मला पटत नाहीत. लग्नाआधी दोन जिवांनी एक दिवस एकत्र घालवला तर कुणाचं काय बिघडतं? आणि नटण्याला तरी मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? १९७४ साली लग्नानंतर आम्ही दोघं मेनरोडवरच्या एका स्टुडिओत फोटो काढायला गेलो, तेव्हा माझ्या अंगावर जाऊबाईंचा शालू होता आणि मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, त्यात दोन हंस. सगळा खोटाच मामला! पण डोक्यावर छप्पर होतं, पंखा होता आणि दहा मिनिटांत मोकळे झालो होतो. तेव्हा देखावा खोटा होता, म्हणून कोणतेही कपडे चालून गेले. आता डोंगर खरा, पाणी खरं, ऊनही खरं. मग कपड्यांनी त्यांच्याशी जुळवून नको का घ्यायला?

थोरल्या नातीच्या वेळी मी गप्प बसले, त्याची चुटपुट अजून आहे. तिचं लग्न डिसेंबरात, म्हणून फोटोग्राफरला "विंटर लुक" हवा होता. प्रत्यक्षात फोटो निघाले ऑक्टोबरच्या शेवटी, दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत, भर दुपारी. अंगावर पूर्ण बाह्यांची मखमल, नंतर भाड्याचा पांढरा गाऊन. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, नवी फूट येते आणि डावणी पडू नये म्हणून फवारण्या चालू असतात. बागवाल्याने बजावलं होतं, "ताई, औषध मारलंय, वेलींना टेकू नका." पण टेकल्याशिवाय फोटो कसा निघणार! गाऊनला औषधाचे डाग पडले, दुकानदाराने डिपॉझिट परत दिलं नाही. ते पैसे गेले, जाऊ देत. पोर घरी आली ती मानेवर, दंडांवर लाल चट्टे घेऊन, डोकं धरून आडवीच झाली. अल्बममध्ये मात्र ती हसते आहे. तो अल्बम मी पूर्ण बघू शकत नाही.

आता कुणी म्हणेल, आजींना आजकालच्या फॅशनमधलं काय कळतं? पण ऋतू बघून नेसणं ही आपलीच रीत आहे. संक्रांतीला काळी चंद्रकळा का नेसतात? ऐन थंडीचा सण, काळा रंग ऊब धरतो. एरवी काळ्याला नाक मुरडणाऱ्या सासवा त्या दिवशी सुनेला कौतुकाने काळं नेसवायच्या. भातलावणीला इगतपुरीकडच्या बाया लुगड्याचा काष्टा वर खोचतात, कारण चिखलात पायघोळ वस्त्र चालत नाही. ही अक्कल आपल्याकडे होती. ती एका यादीपुढे गहाण टाकायची? आणि यादी तरी कशी? सिमल्याला जी, तीच सिन्नरला!

चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या लग्नांचे फोटो पावसात नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात निघतात आणि वैशाखातल्या लग्नांचे चैत्राच्या तापात. मग तसेच कपडे घ्या. उन्हाळ्यात सुती, फिकं, सैल. पहाटे निघा, नऊच्या आत आटपा. गवत वाळलेलं असतं, पण एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर फुलतात, त्यांच्यापुढे साधी पांढरी सुती साडीही उठून दिसते. पावसाळ्यात सगळीकडे हिरवं, तिथे हिरवं नेसून हरवून जाऊ नका, पिवळं-लाल घ्या. घोट्याच्या वर राहील असं घ्या, भिजल्यावर अंगाला चिकटणार नाही असं घ्या. पायात पकड असलेली चप्पल हवी. येवल्याची पैठणी आपल्याच जिल्ह्यातली, ती जानेवारीच्या कोवळ्या उन्हात नेसा. तेव्हा बागांना घडही लागलेले असतात. वैशाखातलं लग्न जानेवारीत ठरलेलं असेल तर फोटो तेव्हाच का काढू नयेत?

पावसाळ्याचं जरा जास्त गंभीरपणे सांगते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती फोटोसाठी सजलेली नव्हती, साधी सहलीला आलेली होती. मग पाणी पिऊन जड झालेला दहा-बारा मीटर कापडाचा घेर अंगावर असताना, निसरड्या दगडावर कुणी "थोडं मागे सरका" म्हणालं तर काय होईल? आणि आपल्या अंजनेरीच्या पठारावर त्या डोंगराचंच नाव मिळालेलं कंदीलपुष्प आहे, २००६ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. त्याच्यावरून गाऊनची शेपटी फरफटत नेणं मला तरी बघवणार नाही.

"आजी, पण हे आयुष्यात एकदाच असतं गं!" हे नातीचं शेवटचं अस्त्र. अगं, एकदाच असतं म्हणून तर म्हणते! पुढे चाळीस वर्षांनी तो फोटो बघशील तेव्हा तुला गाऊनची किंमत आठवायला हवी, की त्या दिवशी पाण्यावरून आलेला वारा? घामाने जीव कासावीस झालेल्या माणसाला शेजारी कोण उभं आहे तेही दिसत नाही. फोटोत ऊन लागत नाही, बाळा, पण फोटो ज्याचा काढतात त्याला लागतं.

असो. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमच्या मैत्रिणींत हा विषय निघाला तेव्हा निम्म्या माझ्या बाजूने होत्या, निम्म्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला मधे पडता?" मी पडणार. पुतण्या-भाच्यांनो, तुमच्याही घरी यंदा लग्नं आहेत, रागावलात तरी चालेल. फोटोग्राफरची यादी आली की आधी महिना बघा, मग जागा, मग वेळ, आणि सगळ्यात शेवटी कपडे.

आजची बातमी : नातीने यादीतून मखमल खोडली आहे. गाऊनबद्दल आमची बोलणी अजून चालू आहेत.