लाल कॅलिपर आणि खोल जाणारं पेडल

ब्रेक खोल जातो म्हटलं की आपल्याकडे पहिला हुकूम सुटतो, ‘हवा काढ.’ नागपुरात हुडकेश्वर रोडवर काय नि मानेवाड्यात काय, एक पोरगा आत बसून पेडल मारतो, दुसरा खाली निप्पल सोडतो. बाटलीभर ब्रेक ऑइल जातं आणि पेडल जिथल्या तिथे. साध्या गाडीत हा हुकूम बऱ्याचदा बरोबर ठरतो. मॉडिफाय केलेल्या गाडीत मात्र आधी विचारावं, ‘काय काय बदललं रे भाऊ?’

आपली स्पोर्ट्स कार म्हणजे बहुधा स्विफ्ट, नाहीतर पोलो जीटी. पुढे डिस्क, मागे ड्रम. इंजिनाची ताकद वाढवली की पुढे मोठे कॅलिपर येतात, चाकातून दिसतील असे लालभडक. मास्टर सिलिंडर जुनाच राहतो. तो कुणाला दिसत नाही ना! कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटरचा ६० झाला की क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढतं. तो तेवढाच सरकवायला ऑइलही तितकंच जास्त लागतं. मास्टर सिलिंडर म्हणजे पिचकारीच; ती बारीक असली तर दांडा लांबवर दाबावा लागणारच. मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर घाला, पेडल वर येईल. मग पायाला जोर जास्त लागेल.

पण या खर्चात पडण्याआधी मागचे ड्रम बघा. हँडब्रेक ओढून पेडल दाबा. आता ते वरच लागलं, तर मागचे शू सैल आहेत. पुढच्या झगमगाटात त्यांचं ॲडजस्टमेंट कुणाला आठवतच नाही. हा तपास फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू बसत गेलं आणि बाहेर गळती नसली, तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं समजा. खड्ड्यांतून गेल्यावर पहिला दाब खोल आणि दुसरा ठीक लागत असेल, तर बेअरिंग लूज नाहीतर डिस्क वाकडी. ती पॅडना मागे ढकलते. एक गमतीचा प्रकारही होतो. डावा कॅलिपर उजवीकडे बसवतात, निप्पल खाली येतं, हवा वर अडकते. मग दिवसभर पंप मारत बसा.

आता कायद्याचं. मूळ स्पेसिफिकेशनबाहेर गाडी बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोलताना सांगितलं. पोलिसांना त्यातला सायलेन्सर तेवढा ऐकू येतो. ब्रेक गप्प असतो, म्हणून चलान नाही. माझं मागणं छोटं आहे: मोठा कॅलिपर बसवणाऱ्या गॅरेजनं त्याच्या पिस्टनचा आणि मास्टर सिलिंडरचा बोअर बिलावर लिहून द्यावा. लिहायला नकार देणाऱ्याकडून गाडी घेऊन कुणी आउटर रिंगरोडला पळवू नये.