नुसतं दुकान सांभाळणं?



‘जुन्या स्कॉटलंडात विधवा नवऱ्याचं दुकान नुसतं सांभाळत’, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं विधान पटलं नाही. एडिंबराच्या ॲग्नेस कॅम्बेलचंच पाहा. राजाचा मुद्रक असलेला नवरा अँड्र्यू अँडरसन १६७६ मध्ये वारला. मागे उरलं कर्ज. बाईंनी ते निस्तरलं, छपाईच्या मक्त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचलं, पेनिकुकला कागदाची गिरणी काढली. (छपाई गचाळ, ही ओरड मात्र तेव्हाही होती.) पुस्तकांवर नाव ‘अँड्र्यू अँडरसनचे वारस’, पत्रलेखक बहुधा तिथंच फसले. आणि मेरी अर्स्किन? औषधविक्रेता नवरा गेल्यावर त्या चक्क सावकारीत उतरल्या. १६९४ मध्ये व्यापाऱ्यांच्या मुलींच्या संस्थेसाठी त्यांनी १०,००० मर्क (जुनी स्कॉटिश नाणी) मोजले.

– एक वाचक, पुणे