एक हप्ता चुकला की घर गेले
कृष्णवर्णीय वस्त्यांना लुबाडणाऱ्या करारविक्रीच्या विरोधात

२००८ च्या गृहकर्ज संकटात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधली जी घरे जप्त झाली, ती गुंतवणूकदारांनी घाऊक भावात, कित्येकदा एकेक घर अवघ्या काही हजार डॉलरांना, उचलली आणि डागडुजीचा एक खिळाही न ठोकता त्याच वस्त्यांमधल्या कुटुंबांना कितीतरी पट किमतीला हप्त्यांच्या करारावर विकली. डेट्रॉइट शहरात २०१५ साली तर अशा करारांची नोंदलेली संख्या बँकांच्या गृहकर्जांपेक्षाही अधिक भरली. ज्या घरांचे नळ कोरडे होते, तारा उपटलेल्या होत्या आणि छपरे गळत होती, त्या घरांच्या करारावर ‘आहे त्या स्थितीत’ एवढे शब्द लिहून विकणारे मोकळे झाले, आणि घेणाऱ्याने दुरुस्तीत साठवलेला पैसा घातल्यावर एखादा हप्ता थकला की घर परत त्यांच्याच ताब्यात आले. हा उद्योग नवा नाही. शिकागो शहराच्या पश्चिम भागात तो साठ-सत्तर वर्षांपूर्वी भरभराटीला आलेला होता, त्याने एका संपूर्ण पिढीची कमाई गिळली होती, आणि तरीही तो पुन्हा उभा राहिला, याची चीड यावी एवढेच नव्हे, तर त्याची यंत्रणा नेमकी समजून घेतली जावी, यासाठी हे पत्रक आहे.

कृष्णवर्णीय अमेरिकनांवर अन्याय झाला, हे मराठी वाचकाला नव्याने पटवून देण्याची आवश्यकता नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हापासून हा विषय मराठीत घरचा आहे. म्हणून पोलिसी अत्याचार, शाळांमधील विभागणी, मतदानाच्या हक्कांवरील घाला या सर्व गोष्टी मान्य धरून येथे एकाच पद्धतीवर बोट ठेवले आहे. ती पद्धत म्हणजे करारविक्री.

करारविक्रीत घेणारा सुरुवातीला एक मोठी रक्कम भरतो, पुढे दरमहा हप्ता देतो, परंतु खरेदीखत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याच्याच नावावर राहते. बँकेच्या गृहकर्जात प्रत्येक हप्त्याबरोबर कर्जदाराचा घरातील हिस्सा वाढत जातो आणि घर गेलेच तर विक्रीतून कर्ज फिटून उरलेल्या रकमेवर त्याचा हक्क असतो. करारविक्रीत पंधरा वर्षे हप्ते भरणाऱ्याच्याही पदरी एका विटेची मालकी पडत नाही. घराचा कर त्याने भरायचा, विमा त्याने उतरवायचा, दुरुस्ती त्याने करायची, म्हणजे मालकाची सगळी ओझी त्याच्या माथ्यावर असतात आणि एक हप्ता चुकला की त्याला भाडेकरूसारखे बाहेर काढता येते. आपल्याकडच्या सावकाराने अडाणी कुळाकडून अंगठा घेऊन लिहवलेल्या खतात आणि या करारात फरक एवढाच, की इथे घेणारे लिहिता-वाचता येणारे, कारखान्यांत आणि टपालखात्यात नोकऱ्या करणारे, नियमित पगार असलेले लोक होते.

असे लोक बँकेकडे का गेले नाहीत? कारण बँकेचे दार सरकारनेच बंद करून ठेवले होते. मंदीच्या काळात, १९३३ नंतर, सरकारी यंत्रणेने शहराशहरांचे नकाशे रंगवले आणि ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीय राहतात किंवा राहायला येऊ लागले आहेत त्या लाल रंगाने धोक्याच्या ठरवल्या. १९३४ पासून संघराज्य सरकारने गृहकर्जांना हमी देण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या हमीतून अशा वस्त्या वगळण्यात आल्या. लाल रेघ मारण्याची ही पद्धत पुढे ‘रेडलायनिंग’ या नावाने ओळखली गेली. दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांतून आणि वंशद्वेषी दहशतीतून सुटण्यासाठी १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या व पश्चिमेकडच्या शहरांत आले. एकट्या शिकागोत त्यांची संख्या १९४० मधील २ लाख ७८ हजारांवरून १९६० पर्यंत ८ लाख १३ हजारांवर गेली. माणसे वाढली, पण त्यांना राहू देणाऱ्या वस्त्या वाढल्या नाहीत आणि कर्ज तर मिळतच नव्हते. या कोंडीतच दलालांनी आपले दुकान मांडले. ते श्वेतवर्णीयांच्या वस्तीत जाऊन ‘आता इथे काळे येणार, घराची किंमत मातीमोल होणार’ अशी घबराट पसरवत, घाबरलेल्या मालकाचे घर पडत्या भावात घेत, आणि तेच घर कृष्णवर्णीय कुटुंबाला चढ्या भावात करारावर विकत. शिकागोतील नॉर्थ लॉनडेल हा भाग १९५० साली १३ टक्के कृष्णवर्णीय होता. १९६० साली तो ९१ टक्के झाला. दहा वर्षांत वस्ती एवढी उलथते, तेव्हा त्या उलथापालथीवर कोणीतरी पैसा कमावत असतो.

एका घराचा हिशेब जवळून पाहण्याजोगा आहे. क्लाइड रॉस हे मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेलचे. लहानपणी थकलेल्या कराचे निमित्त करून वडिलांची जमीन हिरावली गेलेली त्यांनी पाहिली होती. १९६१ साली त्यांनी नॉर्थ लॉनडेलमध्ये २७,५०० डॉलरला घर घेतले. विकणाऱ्याने ते घर सहाच महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतलेले होते. घरात राहायला आल्यावर थोड्याच काळात घर तापवणारा बॉयलर फुटला. शिकागोच्या हिवाळ्यात, जिथे पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो, तिथे बॉयलर ही चैनीची वस्तू नाही. रॉस भाडेकरू असते तर बॉयलर मालकाने दुरुस्त केला असता, आणि ते खरोखरीचे मालक असते तर दुरुस्तीचा पैसा त्यांच्या मालमत्तेत जमा झाला असता. करारामुळे ते यांपैकी काहीच नव्हते, म्हणून खर्च त्यांचा आणि मालमत्ता दुसऱ्याची झाली.

रॉस यांचे उदाहरण अपवाद नव्हते. त्या काळात शिकागोत घर घेणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ८५ टक्के लोक करारावर घेत असत, असा तेव्हाचा अंदाज होता. पुढे २०१९ साली संशोधकांनी शिकागोतील जुने दस्त तपासून जो हिशेब मांडला, त्यानुसार १९५० आणि १९६० च्या दशकांत या घरांवर विकणाऱ्यांनी सरासरी ८४ टक्के जादा किंमत लावली, २०१९ च्या पैशांत प्रत्येक कुटुंबाने योग्य गृहकर्जाच्या तुलनेत दरमहा ५८७ डॉलर अधिक भरले, आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय समाजाच्या हातून एकूण ३ ते ४ अब्ज डॉलर गेले. शिक्षणासाठी, धंद्यासाठी, म्हातारपणासाठी ठेवायचा हा पैसा होता. तो दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाला लागला.

परंतु पैशापेक्षाही मोठे नुकसान वस्तीचे झाले, आणि या मुद्द्याकडे सभ्य समाज हट्टाने पाठ फिरवतो. दुप्पट किमतीचा हप्ता भागवायचा तर घरातला पुरुष दोन पाळ्यांत राबतो, बाईही कामावर जाते, मुलांकडे दिवसभर लक्ष द्यायला कोणी उरत नाही. तेवढ्यानेही भागले नाही की घरात पोटभाडेकरू घेतले जातात, एका कुटुंबाच्या जागेत तीन कुटुंबे राहू लागतात, शाळेत मुले मावेनाशी होतात. छपराला हात लावायला पैसे राहत नाहीत, म्हणून ते गळते, गळणारे घर पालिकेच्या नियमांत बसत नाही, आणि त्याचा दंडही घेणाऱ्यालाच भरावा लागतो. त्यानंतर बाहेरून कोणी येतो, मोडके जिने आणि गर्दी पाहतो आणि हे लोक घरे सांभाळत नाहीत, यांची कुटुंबव्यवस्था ढासळली आहे, असा निष्कर्ष काढून लेख लिहितो. करारातील हप्त्याचा आकडा वाचण्याची तसदी न घेता माणसांच्या संस्कारांवर प्रवचने झोडणाऱ्या या विद्वत्तेला विद्वत्ता म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे.

यावर एक उत्तर हमखास येते: सही तर त्यांनी स्वतःच केली होती. हा युक्तिवाद जितका सोपा तितकाच निर्लज्ज आहे. संमतीला अर्थ तेव्हा असतो, जेव्हा नकार देणाऱ्याला जायला दुसरी जागा असते; सरकारी हमी नाही, बँक नाही, दुसऱ्या वस्तीत घर घ्यायला गेले तर खिडक्यांवर दगड, अशा अवस्थेत कागदावर झालेली सही हा कोंडीचा पुरावा आहे. शिवाय सही करणाऱ्याला घराची आधीची किंमत सांगितलेली नव्हती आणि पालिकेच्या नोटिसा दाखवलेल्या नव्हत्या. दुसरे समर्थन असे, की ज्यांना कोणी कर्ज देत नव्हते त्यांना निदान विकणाऱ्यांनी घर तरी दिले आणि जादा किंमत हे जोखमीचे मोल होते. पण इथे जोखीम विकणाऱ्याची कधी नव्हतीच. हप्ता आला तर नफा, न आला तर घर परत, आधीचे सारे हप्ते खिशात आणि दारात नवे गिऱ्हाईक; एकेक घर अशा रीतीने तीन-चार वेळा विकले गेले, आणि काहींच्या दृष्टीने हप्ता चुकणे हेच अधिक फायद्याचे होते. जुनी मढी उकरून काढू नयेत, असे म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा पुरेसा आहे: १९६० साली श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय कुटुंबांमधील घरमालकीच्या प्रमाणात सुमारे २७ टक्क्यांचे अंतर होते, घर विकताना व भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला, आणि आज ते अंतर सुमारे ३० टक्के आहे.

सर्वांत संतापजनक आक्षेप मात्र उपदेशाच्या रूपात येतो. या समाजाने दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याऐवजी स्वतः काही करावे, असे सांगितले जाते. नॉर्थ लॉनडेलने नेमके तेच केले होते. १९६७ च्या उन्हाळ्यात जॅक मॅक्नमारा हे जेझुइट संघाचे, पुरोहितपदाचे शिक्षण घेणारे तरुण काही विद्यार्थ्यांसह या वस्तीत राहायला आले. त्यांनी नोंदणी कार्यालयात बसून घराघराचे दस्त काढले, विकणाऱ्याने काय दिले आणि घेणाऱ्याला काय लावले याचे आकडे शेजारीशेजारी मांडले, आणि हे आकडे वस्तीतल्या बैठकांत लोकांपुढे ठेवले. तोवर प्रत्येक कुटुंब आपल्याच मूर्खपणाने फसलो असे समजून शरमेने गप्प होते, शेजाऱ्यालाही किंमत सांगत नव्हते. आकडे समोर आल्यावर ती शरम गळून पडली. रूथ वेल्स या गृहिणीने प्रथम आपल्या विकणाऱ्याच्या कचेरीत जाऊन घराची रास्त किंमत लावण्याची मागणी केली. १९६८ साली ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ म्हणजे करारावर घर घेणाऱ्यांचा संघ उभा राहिला, क्लाइड रॉस त्याच्या नेतृत्वात होते, आणि त्या वर्षाच्या अखेरीस शेकडो कुटुंबांनी हप्ते देणे थांबवून तो पैसा बाजूला ठेवायला सुरुवात केली.

हा संप साधा नव्हता, कारण हप्ता थांबवणे म्हणजे घर पणाला लावणे होते. १९७० च्या कडाक्याच्या जानेवारीत पोलीस बंदोबस्तात कुटुंबांना बाहेर काढण्यास सुरुवात झाली. पलंग, टेबले, मुलांचे कपडे, स्वयंपाकघरातली भांडी फुटपाथवर बर्फात आणून ठेवली गेली. तेव्हा शेजारी जमले आणि पोलिसांची पाठ वळताच सगळे सामान उचलून त्यांनी पुन्हा घरात नेऊन लावले. काही विकणाऱ्यांना नमते घ्यावे लागले आणि बऱ्याच करारांच्या किमती उतरवून घेतल्या गेल्या. संघाने न्यायालयातही दावे लावले, गुलामगिरी संपल्यानंतर झालेल्या १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेतला, वर्षानुवर्षे खटले चालवले आणि अखेर ते हरले. स्वतःच्या पायावर उभे राहा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की हे लोक उभे राहिले, बर्फात उभे राहिले, दस्त शोधून, पैसा जमवून, वकील लावून उभे राहिले, आणि कायदा त्यांच्या बाजूला आला नाही.

सामान्य माणसांना काय साधता येते याचे दुसरे उदाहरण बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात आहे. तेथे डडली स्ट्रीट परिसरातील कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि केप व्हर्देहून आलेल्या रहिवाशांनी १९८४ साली संघटना उभारली, बाहेरचा कचरा आपल्या मोकळ्या जागांवर टाकणाऱ्यांना हुसकावले, आणि १९८८ साली खासगी पडीक जमिनी सार्वजनिक हितासाठी संपादन करण्याचा, एरवी फक्त सरकारकडे असणारा अधिकार शहराकडून मिळवला. त्या जमिनीवर उभारलेल्या ‘लँड ट्रस्ट’मध्ये घर कुटुंबाचे पण खालची जमीन वस्तीच्या सामायिक मालकीची असते, त्यामुळे ती दलालाच्या हाती लागत नाही. म्हणजे उपाय सापडत नाही ही सबब खोटी आहे.

इलिनॉय राज्याने वारंवार करारविक्री करणाऱ्यांना करार नोंदवण्याची आणि थकबाकीदाराला ती फेडण्यास मुदत देण्याची सक्ती करणारा कायदा २०१८ च्या १ जानेवारीपासून लागू केला. नॉर्थ लॉनडेलच्या संपानंतर एकोणपन्नास वर्षांनी तो आला, आणि देशाच्या अनेक राज्यांत आजही तेवढेदेखील संरक्षण नाही. हप्त्याने दिलेल्या घराचा करार हे कर्जच आहे, हे प्रत्येक राज्याच्या कायद्याने मान्य करावे; करार पहिल्या दिवशीच नोंदला जावा; विकणाऱ्याने घर कितीला घेतले आणि त्यावर पालिकेच्या कोणत्या नोटिसा आहेत हे सही होण्यापूर्वी त्याच कागदावर लिहिलेले असावे; भरलेल्या प्रत्येक हप्त्यागणिक घेणाऱ्याचा हिस्सा वाढावा; आणि हप्ता थकल्यास भाडेकरूसारखे बाहेर काढण्याऐवजी कर्जदाराला मिळणारी संपूर्ण न्यायालयीन प्रक्रिया त्यालाही मिळावी. जुन्या करारांतून गेलेल्या अब्जावधी डॉलरांची भरपाई हा याच मागणीचा दुसरा भाग आहे, आणि ती देताना दयेची भाषा कोणी वापरू नये, कारण कोणत्या घरावर किती जादा घेतले गेले, हे शिकागोच्या नोंदणी कार्यालयातील दस्तांत आजही वाचता येते.