रंग उतरल्यावर काय उरते?

मालेगावकराला ‘ग्रे’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मागावरून उतरलेले, ना धुतलेले ना रंगवलेले कापड म्हणजे ग्रे. ते रंगाईसाठी पाली-बालोतऱ्यापर्यंत जाते. छापखान्यात मात्र याच्या उलट चालते. तिथे रंगीत चित्र आत जाते आणि करडे होऊन बाहेर येते.

बँकेत असताना कर्जाच्या अर्जांसोबत लेटरहेडांचे ढीग माझ्या टेबलावर येत. हिरव्या पट्टीवर तांबड्या अक्षरांत नाव असले, की मूळ कागदावर ते उठून दिसे. त्याचीच झेरॉक्स काढली, की नुसती काळपट पट्टी उरे. करड्या छपाईत रंग टिकत नाही, त्याचा उजळपणा तेवढा टिकतो. आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ भासतो, तांबडा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी. म्हणून संगणकाच्या रूढ हिशेबात हिरव्याला साधारण ५९, तांबड्याला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन देतात. या हिशेबाने भडक तांबडा आणि गडदसर हिरवा जवळजवळ एकाच छटेचे ठरतात. मग नाव वाचणार कोण?

या बाबतीत आपली निवडणूक चिन्हे फार शहाणी. १९५१-५२ साली प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. पुढे मतपत्रिकेवरही बैलजोडी, झोपडी, पणती अशी चिन्हे एका शाईत छापली गेली. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही ती आकारावरून कळत. २०२५ च्या बिहार निवडणुकीपासून मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र रंगीत झाले खरे, पण त्याआधीची कित्येक दशके मतदाराचे रंगावाचून अडले नव्हते.

आपले दुकानदार, पतसंस्था, शाळा मात्र संगणकाच्या पडद्यावरचे झगमगते बोधचिन्ह पाहूनच हरखतात. माझे म्हणणे, ते आधी काळ्या शाईत, पोस्टाच्या तिकिटाएवढे काढून मागावे. ओळखू आले तर रंग भरावेत. छायाचित्राचेही तेच. एक बटण दाबून ते करडे होते, पण वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि मधल्या छटा काळवंडतात. त्या आधीच थोड्या उजळ करायला हव्यात. जाणता छपाईवाला हे करतो. घाईचा करत नाही आणि जाहिरातीचे पैसे तर दोघांकडेही तेवढेच मोजावे लागतात.

साडीची जाहिरात काळ्या-पांढऱ्या पानावर द्यायची असेल, तर चित्राखाली रंगांची नावेही लिहावीत. राणी, मोरपंखी, डाळिंबी. घरातल्या बायकांना तेवढे पुरते.