बाजरीच्या दाण्यातील लोह

'आरोग्यवर्धक' अन्नाचे सध्या पेव फुटले आहे. डब्यावर लोह, जस्त आणि जीवनसत्त्वांची यादी छापायची, जाहिरातीत पांढरा डगला चढवलेला नट उभा करायचा आणि दुप्पट दाम घ्यायचे, हा व्यवहार खानदेशातील तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. जिथे कळण्याची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या थापली गेली, त्या घरातील मातेलाही डब्यावाचून मुलाचे पोषण अपुरे वाटू लागावे, ही या जाहिरातींची खरी कमाई! वास्तविक ज्वारीत उडीद मिसळून दळलेला कळणा म्हणजे धान्यातील प्रथिनांची उणीव कडधान्याने भरून काढणारे, विचारपूर्वक योजलेले अन्न. त्याला वेष्टन नाही, एवढेच.

तथापि परंपरेच्या गौरवाने रक्तक्षय हटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्क्यांवर गेले. यावर सरकारने तांदळाचा मार्ग निवडला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ मिसळून कृत्रिम दाणे तयार करायचे आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात ते शिधावाटपाच्या तांदळात घालायचे, अशी ती योजना.

धुळ्यातील बाजरी संशोधकांनी मात्र लोह दाण्यातच वाढवले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या त्यांच्या 'फुले महाशक्ती' (२०१८) या संकरित वाणात किलोमागे सुमारे ८७ मिलिग्रॅम लोह आहे. प्रचलित वाणांत ते ४५ ते ५० असते. याच विद्यापीठाने इक्रिसॅटसह विकसित केलेल्या 'धनशक्ती' वाणाची कसोटी महाराष्ट्रातील २४६ शाळकरी मुलामुलींवर लागली आहे. रोज दोन वेळा या बाजरीची भाकरी खाणाऱ्या लोहन्यून मुलांची उणीव सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता, साधी बाजरी खाणाऱ्यांच्या तुलनेत दीडपटीहून अधिक आढळली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. (भाकरीवर लगेच चहा घेतला तर त्यातील बरेच लोह वाया जाते, लिंबाची फोड मात्र उपकारक ठरते.)

घोडे अडते ते बाजारात. लोह डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे बाजार समितीत ही बाजरी साध्या बाजरीच्या ढिगातच पडते आणि शेतकऱ्याला एक पैसाही जास्त मिळत नाही. शिवाय संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. 'धनशक्ती'चे बियाणे घरी राखता येते, हा स्वावलंबनाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण आहे. विस्तारयंत्रणेने तो शेतकऱ्यांपर्यंत नेला पाहिजे.

२०२३ चे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष पाककृती स्पर्धांत साजरे झाले. त्यापेक्षा साक्री आणि शिरपूरच्या आश्रमशाळांसाठी शासनाने ही बाजरी वेगळी ओळखून, वेगळा भाव देऊन शिंदखेड्याच्या शेतकऱ्याकडून थेट घ्यावी. बाजरीचे पीठ लवकर कडू होते. म्हणून दळण गावातच, महिला बचत गटाच्या चक्कीवर, आठवड्याला लागेल तेवढेच व्हावे.