हौशी वैमानिक कोठे गेले? भारतीय फ्लाइंग क्लबांच्या ऱ्हासाची कहाणी

१/ भारतीय विमानोड्डाणाच्या इतिहासाविषयी मराठी समाजमाध्यमांत दोन कथा पुनःपुन्हा फिरतात. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही पहिली. जे. आर. डी. टाटा यांना क्रमांक १ चा वैमानिक परवाना मिळाला, ही दुसरी. पहिलीला पुरावा नाही आणि दुसरी अर्धीच सांगितली जाते. या दोहोंच्या मध्ये एक संपूर्ण संस्था हरवली आहे. हा थ्रेड त्या संस्थेविषयी.

२/ तळपदे यांच्या उड्डाणाचा एकही विश्वासार्ह समकालीन दाखला उपलब्ध नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी ही कथा जोडली जाते, त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच मांडला. अभिमानासाठी कल्पित विमान हवे कशाला? लाकूड, कापड आणि पेट्रोल यांची खरी विमाने जुहूच्या चिखलात उतरत होती, आणि ती उडवणारे हौशी होते.

३/ १० फेब्रुवारी १९२९. टाटांच्या हाती परवाना आला. त्यावरील '१' हा आकडा सर्वांना पाठ आहे. ते उडायला कोठे शिकले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ते शिकले जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. तेथे शिकताना त्यांच्यासमोर कोणतीही विमान कंपनी नव्हती, नोकरी नव्हती, पगार नव्हता. होती ती केवळ उडण्याची हौस.

४/ हे क्लब आभाळातून पडले नाहीत. १९२५ पासून ब्रिटनमध्ये सरकारी साहाय्याने हलक्या विमानांचे क्लब निघू लागले होते. १९२७ साली भारतात नागरी विमानवाहतुकीचे खाते आले आणि त्यापाठोपाठ दिल्ली, मुंबई, कलकत्ता, कराची येथे क्लब उभे राहिले. सरकार त्यांना अनुदान देत असे. हौशी वैमानिक तयार करणे हे राज्याचे काम आहे, ही कल्पना साम्राज्यशाही सरकारलासुद्धा पटली होती.

५/ त्यामागे परोपकार नव्हता, हिशेब होता. वैमानिकांचा साठा देशात असावा आणि तो स्वस्तात तयार व्हावा. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी प्राथमिक प्रशिक्षण देण्याचे काम याच क्लबांकडे आले. ज्याला आज 'श्रीमंतांचा छंद' म्हणून झटकले जाते, त्याकडे त्या काळचे अधिकारी राखीव मनुष्यबळ म्हणून पाहत होते.

६/ आता एका स्पर्धेकडे वळावे. नोव्हेंबर १९२९ मध्ये आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर, कोणत्याही दिशेने, एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळायचे होते. तिघे पुढे आले : मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. अस्पी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते.

७/ अस्पी इंग्लंडहून भारताकडे निघाले होते, टाटा भारताहून इंग्लंडकडे. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगांवाचून अडकून बसले होते. टाटांनी आपल्याजवळचे सुटे प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी जिंकले, तेही थोड्याच तासांच्या फरकाने. क्लबच्या संस्कृतीत दुसऱ्याचे विमान जमिनीवर अडकलेले पाहून पुढे निघून जाणे बसत नसे.

८/ पुढे या तिघांचे काय झाले? अस्पी इंजिनिअर १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. मनमोहन सिंग ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात युद्धसेवेत असताना मारले गेले. टाटांनी विमान कंपनी उभारली. एका हौशी शर्यतीतील तीन नावे, आणि त्यांतून देशाला मिळाले एक सेनानी, एक हुतात्मा आणि एक उद्योग.

९/ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. अहमदाबादेत विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आणले गेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून साऱ्या कारभाराचे बिऱ्हाड पुण्याला हलत असे. भारतीय व्यावसायिक विमानवाहतुकीचा जन्म असा झाला. तिची आई फ्लाइंग क्लब होती, हे विसरण्याचे कारण नाही.

१०/ येथे पहिला आक्षेप येतो : 'हे सारे राजेरजवाडे, शेठ आणि साहेबांचे खेळ होते. बुडाले तर बिघडले काय?' आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. सामान्य गिरणी कामगार जुहूला विमान शिकायला जात नव्हता. परंतु दार अरुंद असेल तर ते रुंद करण्याची मागणी व्हायला हवी. दार बुजवून टाकले आणि मग 'आत श्रीमंतच होते' असे म्हटले, तर तो न्याय ठरत नाही.

११/ आणि ते दार रुंद होऊ लागलेही होते. १९३६ साली एकवीस वर्षांच्या सरला ठकराल यांनी लाहोरच्या क्लबमधून, साडी नेसून, जिप्सी मॉथ एकटीने उडवले. अलाहाबादच्या क्लबमध्ये शिकलेल्या प्रेम माथूर यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळवला आणि पुढे त्या डेक्कन एअरवेजमध्ये वैमानिक झाल्या. ज्या काळात बहुतेक कचेऱ्यांत स्त्री दिसत नसे, त्या काळात क्लबच्या कॉकपिटमध्ये ती बसली होती.

१२/ स्वातंत्र्यानंतर तर राज्याने आणखी एक पाऊल टाकले. कोल्हापूरजवळच्या हसूर गावात जन्मलेले आणि जर्मनीत गटिंगेनला प्राण्टल यांच्या हाताखाली शिकलेले विष्णू माधव घाटगे हे हिंदुस्थान एअरक्राफ्टचे प्रमुख अभियंता होते. त्यांच्या संघाने १९५८ साली 'पुष्पक' हे दोन आसनी हलके विमान उडवले. ते क्लबांसाठी होते. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली.

१३/ याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. नुकताच स्वतंत्र झालेला, परकीय चलनाची चणचण असलेला देश आपल्या हौशी आणि शिकाऊ वैमानिकांसाठी स्वतःच्या कारखान्यात विमान बनवत होता. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केंद्र चालत होते, देशी बनावटीची 'रोहिणी' ग्लायडर आकाशात होती. तेव्हाच्या भारताला उडण्याची हौस चैनीची वाटली नाही. नंतरच्या, अधिक संपन्न भारताला ती वाटली.

१४/ ऱ्हास एका दिवसात झाला नाही. पहिला घाव हेतूवर पडला. खासगी परवान्यासाठी किमान ४० उड्डाणतास लागतात, व्यावसायिक परवान्यासाठी २००. विमाने मोजकी, इन्स्ट्रक्टर मोजके. अशा वेळी २०० तासांचे शुल्क भरणारा विद्यार्थी आणि रविवारी सकाळी तासभर उडू इच्छिणारा शिक्षक यांपैकी क्लब कोणाला विमान देईल? उत्तर सांगायला नको.

१५/ १९८५ साली फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी स्थापन झाली. पुढे गोंदियालाही प्रशिक्षण संस्था आली. १९९४ साली विमानवाहतुकीवरील सरकारी मक्तेदारीचा कायदा गेला, २००३ पासून स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या, वैमानिकांची मागणी वाढली. अकादम्या आवश्यकच होत्या. चूक एवढीच की, क्लबांनाही अकादमीच्याच मापात कापले गेले. सभासद गेला आणि उरला 'कॅन्डिडेट'.

१६/ दुसरा घाव जमिनीवर. दिल्लीचा सफदरजंग विमानतळ हे दिल्ली फ्लाइंग क्लबचे घर. २३ जून १९८० रोजी संजय गांधी यांचा मृत्यू याच क्लबचे विमान कसरती करताना कोसळून झाला. पण क्लबला त्या अपघाताने संपवले नाही. राजधानीच्या सुरक्षेच्या नावाखाली, २००१ नंतर, तेथील छोट्या विमानांचे उड्डाण थांबले. अपघातातून क्लब सावरतात, बंद फाटकातून नाही.

१७/ मुंबईतही तेच, जरा सौम्य शब्दांत. जुहूच्या आकाशात मोठ्या विमानतळाची वाहतूक, खाली हेलिकॉप्टरांची वर्दळ आणि चहूबाजूंनी इमारती. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला गेले. धुळ्याचे भले झाले, हे खरे. पण अंधेरीतल्या हौशी माणसाने एका तासाच्या उड्डाणासाठी तीनशेहून अधिक किलोमीटर जायचे असेल, तर छंद टिकणार कसा?

१८/ तिसरा घाव इंधनावर. या छोट्या पिस्टन इंजिनांना एव्हगॅस लागते. मोठ्या जेट विमानांचे इंधन त्यांना चालत नाही. २०२२ साली इंडियन ऑइलने देशात एव्हगॅसचे उत्पादन सुरू करेपर्यंत ते आयात करावे लागे. ज्या देशात शुद्धीकरण कारखान्यांची रांग आहे, त्या देशात क्लबच्या टाकीतला प्रत्येक लिटर समुद्रापलीकडून यायचा. ही तांत्रिक अडचण नव्हती. ही प्राधान्याची यादी होती आणि हौशी वैमानिक तिच्या तळाशी होता.

१९/ चौथा घाव कागदाचा. मुंबईच्या कांदिवलीतील वैमानिक अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, वाखाणले. नोंदणी मिळायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि तीही बराच पाठपुरावा झाल्यावर. प्रदर्शनात टाळ्या लगेच मिळतात, फायलीवर सही मिळत नाही. चौकशी कडक असावी, यात दुमत नाही. पण कडक असणे आणि अंतहीन असणे यांत फरक आहे.

२०/ दुसरा आक्षेप : 'हा छंद जगभर ओसरला. भारतालाच दोष का?' अमेरिकेचे उदाहरण दिले जाते. ते अवश्य द्यावे. तेथे १९८० साली खासगी परवानाधारक साडेतीन लाखांहून अधिक होते, २०१९ पर्यंत ती संख्या निम्म्याहून खाली आली. हलक्या विमानांसह सर्वसाधारण विमानांची निर्मिती १९७८ साली १७,८११ होती, ती १९९४ साली ९२८ वर आली.

२१/ पण तेथील लोकांनी 'काळाचा महिमा' म्हणून हात टेकले नाहीत. कारण शोधले. अनेक कारणांपैकी एक म्हणजे, दशकांपूर्वी विकलेल्या विमानाच्या अपघाताबद्दलही उत्पादकावर खटले भरले जात. १९९४ साली कायदा करून ही जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित केली गेली. १९८६ साली छोटी पिस्टन विमाने बनवणे थांबवलेल्या सेसनाने ते काम पुन्हा हाती घेतले. जुने दिवस परतले नाहीत, पण घसरण थांबवता येते हे सिद्ध झाले. ऱ्हासाला कारणे असतात, आणि ती बदलता येतात.

२२/ तिसरा आक्षेप सर्वांत धूर्त : 'विमान कंपन्या वाढत आहेत, शेकडो विमानांच्या ऑर्डरी जात आहेत. हौशी वैमानिक हवा कशाला?' रस्त्यावर बस धावतात म्हणून सायकल कोणी जप्त करत नाही. प्रवासी विमानात बसतो, वैमानिक नोकरी करतो. आकाश कोणाचेच होत नाही. ज्या समाजात उडण्याचा अनुभव केवळ तिकिटाने किंवा पगाराने मिळतो, त्या समाजात नवे विमान रचणारा घाटगे कोठून यावा?

२३/ टाटांना हे कळत होते. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथमधून कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. तरुणांमध्ये साहसाची उमेद जागावी, हा त्यांचा हेतू होता. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, सत्कार झाले. क्लबांच्या धावपट्ट्यांची स्थिती मात्र तशीच राहिली. आपल्याकडे स्मारके लवकर होतात, दुरुस्त्या उशिरा.

२४/ तरीही ठिणगी विझलेली नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या मुंबईच्या आरोही पंडित यांनी मे २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हलक्या क्रीडाविमानातून अटलांटिक महासागर एकटीने पार केला. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी टाटांच्या मार्गाची आठवण जागवली. कराची आता दुसऱ्या देशात, म्हणून प्रारंभ भूजहून. तेथून अहमदाबाद आणि मग जुहू.

२५/ त्या उड्डाणाचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने टाळ्या थांबल्यावर एक प्रश्न विचारावा : १९२९ साली एका तरुणाला जुहूला जाऊन हौसेखातर उडायला शिकणे शक्य होते, ते आज तेथे किती जणांना शक्य आहे?

२६/ वीरांच्या कथा आवडणे स्वाभाविक आहे. पण वीर संस्थांतून येतात, आणि संस्था मैदान, इंधन, अनुदान, सोपा नियम अशा कंटाळवाण्या गोष्टींवर जगतात. क्रमांक १ चा परवाना काचेच्या कपाटात जपला जाईल. ज्या हँगरमुळे तो परवाना शक्य झाला, त्याचे दार उघडे राहिले तरच पुढच्या परवान्यांना अर्थ आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर रविवारची सकाळ हौशी माणसासाठी राखून ठेवणे, ही सुरुवात होऊ शकते. थ्रेड समाप्त.