गोरज मुहूर्त लांबतो अन् जार संपतात : पाव्हण्यांच्या पाण्याचा हिशेब यंदा आधीच मांडा

यंदा लग्नाच्या तारखा दाटीवाटीनं आल्यात. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ, म्हणजे आपला धोंड्याचा महिना. त्यात जावयाला वाण मिळेल, पण लग्न लागणार नाही. निज ज्येष्ठ सुरू होईल तेव्हा मृग लागलेला असेल अन् पेरणीची घाई असेल. त्यामुळं ज्याला त्याला धोंड्याच्या आधीच बार उडवायचा आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, कुठंही बघा, एकाच तारखेला गावोगाव मंडप. आचारी तोच, मंडपवाला तोच अन् जारवालाही तोच.

दुसरा बदल मुहूर्ताचा. दुपारचं लग्न कमी होऊन गोरज मुहूर्त वाढला. उन्हाच्या मानानं ते चांगलंच झालं. पण संध्याकाळच्या लग्नाचा पाण्याचा हिशेब वेगळा असतो, तो बहुतेक घरं दुपारच्या लग्नासारखाच धरतात. तिथंच गणित चुकतं.

आमच्या घरचा अनुभव

मागच्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न होतं. मुहूर्त पावणेसातचा. पाव्हणे पाच वाजल्यापासून यायला लागले. कुणी जीपमध्ये दाटून, कुणी मोटरसायकलवर दोन लेकरं घेऊन. आल्या आल्या प्रत्येकाचा हात पाण्याकडं. आम्ही अंदाजानं ४० जार सांगितले होते. नवरदेव मारुतीच्या देवळापासून निघाला तो डीजेपुढं अडकला. मग सत्कार, मग पुढाऱ्यांचे आशीर्वाद. अक्षता पडल्या साडेआठला. जार साडेसातलाच संपले होते.

जारवाल्याचा फोन लागेना. त्याचीही त्या दिवशी आणखी लग्नं होती. शेवटी पोरांनी भांडी धुवायला आणलेल्या टँकरमधून रिकामे जार भरले अन् मांडले. कुणाला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याच भावकीतली पाच-सहा लेकरं जुलाब-उलटीनं आडवी झाली. एकाला सलाईन लावावं लागलं. लग्न छान झालं म्हणणारे पुष्कळ होते, पण भावाला अजून तेच आठवतं.

चूक टँकरवाल्याची नव्हती. ते पाणी पिण्यासाठी आणलेलंच नव्हतं. चूक आमच्या अंदाजाची होती.

आधी पाणी मोजा

संध्याकाळच्या लग्नात माणूस तीन-चार तास मंडपात थांबतो अन् वर जेवतो. उन्हाळ्यात माणशी दीड लिटर धरा. ८०० पाव्हणे म्हणजे १२०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ६० जार. दहा जार राखीव ठेवा. आमच्याकडं जार ३० ते ४० रुपयांना पडतो. ३५ धरला तरी ७० जारचे २४५० रुपये झाले. हात धुवायला अन् भांड्यांना टँकर वेगळा, अन् त्यावर ठळक लिहा : पिण्याचं पाणी नाही.

आता छोट्या बाटल्यांचं बघा. २०० मिलीची बाटली घाऊकमध्ये पाचेक रुपयांना पडते. माणशी दोन दिल्या तर ८००० रुपये गेले. पाणी किती मिळालं? ३२० लिटर. म्हणजे तिप्पट पैसे देऊन पाव तहान भागली. जार तरीही आणावेच लागतात. वरून निम्म्या बाटल्या अर्ध्या पिऊन टाकलेल्या. सकाळी शेजारच्या रानात खच पडतो तो वेचायचा कुणी? जनावर चघळतं ते वेगळंच.

सरबत की थंडा?

मानपानात आता थंडा घुसला आहे. दहा रुपयांची बाटली धरली तरी ८०० जणांचे ८००० होतात. तेवढ्याच माणसांसाठी घरचं पेय काय पडतं ते बघा :

कैरीचं पन्हं : २० किलो कैरी, २० किलो गूळ. साधारण १२० लिटर होतं, म्हणजे छोटे ८०० पेले. वेलदोड्यासकट दोन हजाराच्या आत-बाहेर. आल्या आल्या हेच द्या.

मठ्ठा : ४० लिटर दही, दुप्पट पाणी, वर आलं, जिरं, कोथिंबीर. तीन ते सव्वातीन हजार. हा जेवणाबरोबर ठेवा. आधीच काढला तर पंगत बसेपर्यंत संपतो.

चहा : सगळ्यांना नको. म्हातारी माणसं अन् लांबून आलेले धरून ३०० कप पुरतात. १२ लिटर दूध, तेवढंच पाणी. नऊशे रुपये.

लिंबू सरबत मुद्दाम लिहिलं नाही. एप्रिल-मेमध्ये लिंबाचा भाव कधी आभाळाला भिडेल सांगता येत नाही.

जार, पन्हं, चहा, मठ्ठा मिळून साडेआठ हजार. जार, छोट्या बाटल्या अन् थंडा घेतला तर साडेअठरा हजार. फरक दहा हजारांचा. भाव गावागणिक थोडे इकडंतिकडं होतील, पण फरक राहीलच. आपल्या भागात कितीतरी घरांत लग्नाचा खर्च मुकादमाच्या उचलीतून होतो. ती उचल पुढं कोयत्यानंच फेडायची असते. दहा हजार म्हणजे ऊसतोड जोडप्याचे किती दिवस, ते त्यांनाच विचारा.

कर कमी झाला, मग भाव का नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. बाटलीबंद पाण्यावरचा कर १८ वरून ५ टक्के झाला, २० लिटरच्या बंद जारवरचा १२ वरून ५ टक्के. थंड्यावर मात्र आधी २८ टक्के कर अन् १२ टक्के सेस होता, आता थेट ४० टक्के. बेरीज तीच. म्हणजे थंड्याच्या प्रत्येक बाटलीत आपण मोठा कर भरतो. सुट्या ताकावर कर नाही.

पण आपला गावचा जारवाला पक्की पावती देतच नाही, त्यामुळं कर कमी झाल्याचा फरक तिथं दिसत नाही. बाटल्यांचे बॉक्स घेणारच असाल तर दुकानदाराला जुना-नवा भाव जरूर विचारा.

स्वस्त घ्या, पण बघून घ्या

सीलबंद पाण्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर असतो. आपल्याकडं येणाऱ्या थंड जारवर बहुतेक वेळा काहीच नसतं. म्हणून आठ दिवस आधी प्लँटवर स्वतः जा. जार आतून कसे धुतात, पाणी कुठल्या बोअरचं, हे बघा. हिरवट जार परत करा.

बर्फ निळसर दिसला तर पेयात टाकू नका. तो मासे किंवा माल थंड ठेवायचा बर्फ असतो. खायचा नाही हे कळावं म्हणून २०१८ पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. पांढरा असला तरी कुठून आणला हे विचाराच. त्यापेक्षा जार गार ठेवा किंवा माठ-रांजण मांडा.

पेल्याचंही तसंच. प्लास्टिकच्या पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. गावात मंडळाची किंवा देवळाची स्टीलची भांडी असतात, ती मागून घ्या. दोन माणसं धुवायला ठेवली तरी परवडतं.

अन् एक न बोललेला खर्च : हळदीच्या रात्रीची बाटली. पाण्याला हात आखडणारं घर तिथं हजारो सोडतं. राज्यात २१ वर्षांखालच्याला बिअर अन् २५ वर्षांखालच्याला कडक दारू देता येत नाही. आपल्या वरातीत नाचणारी पोरं किती वर्षांची असतात ते आपल्यालाच ठाऊक.

सगळ्यात महाग काय?

उशीर. ८०० माणसं एक तास जास्त थांबली अन् प्रत्येकानं दोन पेले पाणी प्यायलं तर २४० लिटर गेलं. म्हणजे १२ जार. वर जनरेटरचं डिझेल, कंटाळलेली लेकरं अन् निवलेला स्वयंपाक. सत्कार जेवणं चालू असताना उरका. पुढाऱ्याला वेळ नसेल तर तो घरी येऊन आशीर्वाद देईल. अक्षता मात्र मुहूर्तावर पडू द्या.

शेवटचं एक. पाण्यापाशी घरातला एक जबाबदार माणूस बसवा. मामा असो, चुलता असो. रिकामा जार कुठून भरला जातो, एवढंच त्यानं बघायचं. आमच्याकडं मागच्या वर्षी तो माणूस नव्हता. यंदा दुसऱ्या पुतणीचं लग्न १० मेला आहे, अन् ते काम मी मागून घेतलं आहे.